नवे मूत्रपिंड आणि जुनी नोकरी

बाजाराचा दिवस होता. दवाखान्यात नेहमीप्रमाणे खोकला, ताप आणि पाय मुरगळलेल्यांची गर्दी. त्यातच एक बाई आणि तिचा चौतीस वर्षांचा मुलगा दाराशी उभे होते. मुलाच्या तोंडावर मास्क, हातातल्या पिशवीत जाडजूड फाईल. खुर्चीवर बसायच्या आधीच आई म्हणाली, "डाक्टरसाहेब, मना पोऱ्या आते कामवर जाई का?"

मुलाचे मूत्रपिंड-रोपण मुंबईला होऊन चौथा महिना चालू होता. मूत्रपिंड आईनेच दिलेले. मुलगा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या एका कारखान्यात मशीनवर होता. आजारपणात दीड वर्ष घरी बसलेला. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितले होते, "आता नॉर्मल आयुष्य जगा." गावातल्या चार शहाण्यांनी सांगितले होते, "आता जन्मभर काही उचलायचे नाही, बसून राहायचे." या दोन सल्ल्यांच्या मधोमध पोरगा अडकला होता आणि म्हणून दोघे माझ्याकडे आले होते.

मी मूत्रपिंडाचा तज्ज्ञ नाही. साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर. माझा दवाखाना पारोळ्याला, म्हणजे जळगाव आणि धुळे या दोन्हींच्या वाटेवर आहे. त्यामुळे दोन्हीकडचे रुग्ण येतात आणि गेल्या काही वर्षांत त्यांत मूत्रपिंड बदललेले रुग्णही दिसू लागले. शस्त्रक्रिया मुंबई, पुणे, नाशिकला होते. पण ताप आला, जुलाब लागले, शेठजींनी फिटनेसचा कागद मागितला की रुग्ण आमच्यासारख्यांच्याच पायऱ्या चढतो. तेव्हा या विषयावर आपल्या भागातल्या माणसाला उपयोगी पडेल असे थोडे लिहावे असे वाटले.

मूत्रपिंड-रोपणाचा पहिला यशस्वी प्रयोग अमेरिकेत बोस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी झाला. डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. पुढे १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९६५ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात पहिला प्रयत्न झाला, आणि जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण १९७१ साली वेल्लोरला झाले. त्या काळात "रुग्ण जगेल का?" एवढाच प्रश्न होता. शरीर परके मूत्रपिंड नाकारते, त्याला आवर घालणारी सायक्लोस्पोरिनसारखी औषधे १९८० च्या दशकात आली, नंतर टॅक्रोलिमस आले, आणि रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले. मग पुढचा प्रश्न आला. जगायचे, पण काय करत?

डायलिसिसवरच्या माणसाची दिनचर्या ज्यांनी पाहिली असेल त्यांना या प्रश्नाचे वजन कळेल. आठवड्यातून साधारण तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास मशीनला जोडलेले. खेड्यातून जळगावला किंवा धुळ्याला जायचे-यायचे तास वेगळे. त्या दिवशी घरी आल्यावर अंगात त्राण नसते. अशा माणसाला कोणता मालक कामावर ठेवणार? पाणी मोजून प्यायचे, तेही आपल्याकडच्या मे महिन्यात, जेव्हा भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. आणि केळी वर्ज्य, कारण त्यातले पोटॅशियम निकामी मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत जन्म गेलेल्या माणसाला केळे खाऊ नको म्हणून सांगण्याची वेळ माझ्यावर आली आहे. तो हसला होता, पण ते हसू काही खरे नव्हते.

रोपणानंतर हे तास परत मिळतात. ते घरात छताकडे पाहत घालवायचे ठरले तर एवढा खटाटोप, एवढे कर्ज आणि आईचे एक मूत्रपिंड कशासाठी? शिवाय या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात आणि बहुतेक घरांत त्यांचा खर्च दर महिन्याला कुटुंबालाच काढावा लागतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड-रोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण शस्त्रक्रिया एकदाच होते, गोळ्या रोज लागतात. कमाई थांबली की गोळ्या थांबतात आणि गोळ्या थांबल्या की मूत्रपिंड थांबते. तेव्हा कामावर परतणे ही हौस नव्हे, तो उपचारातलाच एक भाग आहे, असे मी धरून चालतो.

किती दिवसांनी?

आधी एक गैरसमज दूर करतो. पुष्कळांना वाटते की जुने मूत्रपिंड काढून त्याच जागी, म्हणजे कमरेत पाठीमागे, नवे बसवतात. तसे नसते. जुनी दोन्ही बहुतेक वेळा जागच्या जागी राहतात आणि नवे पोटाच्या खालच्या भागात, जांघेच्या थोडे वर, पुढच्या बाजूला बसवतात. तिथे फासळ्यांचे संरक्षण नाही. म्हणून बैलाची शिंग मारण्याची सवय, मोटारसायकलचे हँडल, मशीनचा पुढे आलेला दांडा या गोष्टी त्याच्या बाबतीत नेहमीपेक्षा जास्त महत्त्वाच्या ठरतात.

पहिले सहा ते आठ आठवडे जखम आतून भरण्याचे. या काळात पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही. पाण्याने भरलेला हंडा याच्या दुपटीहून जड असतो, हे घरातल्यांनी लक्षात घ्यावे. मोटारसायकल साधारण सहा आठवड्यांनी आणि तीही डॉक्टरांना विचारूनच. पहिल्या तीन महिन्यांत प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा जोर सर्वांत जास्त असतो, म्हणून जंतुसंसर्गाची भीतीही तेव्हाच जास्त. रक्ताच्या तपासण्या आधी आठवड्यातून एक-दोनदा, मग हळूहळू अंतराने होतात. या सगळ्याचा हिशेब केला तर टेबल-खुर्चीचे काम करणारा माणूस आठ ते बारा आठवड्यांनी आणि अंगमेहनतीचे काम करणारा तीन ते सहा महिन्यांनी परतू शकतो. यकृताचे किंवा हृदयाचे रोपण झालेल्याला बहुधा याहून जास्त वेळ लागतो. पहिले काही आठवडे अर्धा दिवस काम मिळाले तर फार उत्तम.

कामगार राज्य विम्याचे कार्ड असलेल्या आणि पात्र ठरणाऱ्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो. हे ९१ दिवस म्हणजे बरोबर तीन महिने. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी कामगारांकडे हे कार्ड असते पण ते कधी बाहेर काढलेले नसते. कपाटातून काढा आणि चौकशी करा.

उदाहरण हवे असेल तर आपले तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांचे घ्या. त्यांचे मूत्रपिंड-रोपण दिल्लीच्या एम्समध्ये १४ मे २०१८ रोजी झाले आणि २३ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांनी अर्थखाते पुन्हा हाती घेतले. मोजून १०१ दिवस. त्यांच्या आधी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांचे रोपण १० डिसेंबर २०१६ रोजी त्याच रुग्णालयात झाले होते. पुढच्या सप्टेंबरात त्या न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भाषण करत होत्या. दोघांचेही निधन ऑगस्ट २०१९ मध्ये झाले, हेही सांगितले पाहिजे, कारण रोपण म्हणजे अमरपट्टा नव्हे. पण मधल्या काळात दोघांनी देशाची खाती सांभाळली. खेळाडूंतही अशी माणसे आहेत. क्रोएशियाच्या इव्हान क्लास्निच या फुटबॉलपटूला २००७ साली आधी आईचे मूत्रपिंड दिले, ते शरीराने नाकारले. मग वडिलांचे दिले. २००८ च्या युरोपियन स्पर्धेत त्याने गोल केले.

अर्थात मंत्र्याचे दालन वेगळे आणि आपले पत्र्याचे शेड वेगळे. म्हणून खरा प्रश्न "कामावर जाऊ का?" हा नसून "कोणत्या कामावर, कोणत्या पाळीत?" हा आहे. हे मला उशिरा कळले. कसे कळले ते सांगतो.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण माझ्याकडे आला होता. रोपणाला पाच महिने झालेले, प्रकृती ठणठणीत, क्रिएटिनिन १.३. ठेकेदाराकडे काम मिळत होते, फिटनेसचा दाखला हवा होता. मी रक्तदाब पाहिला, फाईल चाळली आणि "कामास योग्य" असे दोन शब्द लिहून सही केली. पाळी कोणती, किती तास, मालकाला आजार माहीत आहे का, यातले एकही विचारले नाही.

त्याने कारखान्यात कोणालाही काही सांगितले नव्हते. सांगितले तर काढून टाकतील ही भीती. रुग्णालयाच्या कार्डावर गोळ्यांची वेळ लिहिली होती सकाळी आठ आणि रात्री आठ. पहिली पाळी सकाळी आठलाच सुरू होई, तेव्हा तो गेटवर रांगेत असे. दुसऱ्या पाळीत रात्री आठ वाजता मशीनवर. चार लोकांसमोर डबी काढली तर "कसल्या गोळ्या रे?" असे विचारणार. म्हणून तो घरी गेल्यावर घेऊ लागला. कधी अकराला, कधी मध्यरात्रीनंतर एकला. तिसऱ्या पाळीत झोप लागली की एखादी वेळ चुकायचीच. तब्येत तर छान होती, त्यामुळे काही बिघडते आहे असे त्याला वाटायचे कारण नव्हते. हीच या आजारातली फसवी गोष्ट आहे. शरीर नवे मूत्रपिंड नाकारू लागते तेव्हा सुरुवातीला काहीच दुखत नाही. पायांवर सूज येईपर्यंत पुष्कळ नुकसान झालेले असते.

सात महिन्यांनी तो आला तेव्हा क्रिएटिनिन दुपटीच्या वर गेले होते. मुंबईला धाडले, उपचार झाले, थोडे सावरले, पण मूत्रपिंड पूर्वीसारखे झाले नाही. आज तो पुन्हा डायलिसिसवर आहे. मूत्रपिंड त्याच्या बायकोचे होते. तिने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

तेव्हापासून मी दाखला लिहिण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसतो. परवाच्या या मायलेकांबरोबरही बसलो. कारखान्यात पाळ्या तीन. आठ ते चार, चार ते बारा, बारा ते आठ, आणि दर आठवड्याला बदल. गोळ्या बारा-बारा तासांच्या अंतराने. आठ आणि आठ ही वेळ प्रत्येक पाळीत कुठेतरी आडवी येते. मग आम्ही दहा आणि दहा धरून पाहिले. पहिल्या पाळीत सकाळी दहाला चहाची सुट्टी असते, रात्री दहाला घरी. दुसऱ्या पाळीत सकाळी घरी, रात्री दहाला जेवणाची सुट्टी. तिसऱ्या पाळीतून साडेआठला घरी आला की दहाला गोळी घेऊन मगच झोपायचे, आणि रात्री दहाला घेऊनच निघायचे. तिन्ही पाळ्यांत बसले! मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावून वेळ बदलण्याची रीतसर परवानगी घेतली. त्यांनी ती हळूहळू सरकवायला सांगितले. रात्रपाळी मात्र निदान पहिले वर्षभर टाळता आली तर टाळावी, असे माझे मत मी दाखल्यात लिहिले.

यात दोन-तीन बारकावे आहेत. गोळी उपाशीपोटी घ्यायला सांगितली असेल तर चहा-नाश्त्याच्या आधी, आणि रोज त्याच रीतीने. आज उपाशी, उद्या जेवून असे केले की रक्तातले प्रमाण वरखाली होते. ज्या दिवशी रक्तातले औषधाचे प्रमाण तपासायचे असेल त्या दिवशी रक्त दिल्यावरच सकाळची गोळी घ्यायची. आधी घेतली तर तपासणीचे पैसे वाया. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये, रुग्णालयाला विचारावे. आणि गोळ्या उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नयेत. आपल्याकडच्या उन्हात ती डिकी म्हणजे भट्टीच. खिशातल्या छोट्या डबीत एका दिवसाच्या गोळ्या ठेवाव्यात, बाकीच्या घरी.

काम पाहून खबरदारी

शिक्षक, कारकून, दुकानदार, शिंपी, सोनार यांना फार काही बदलावे लागत नाही. शिक्षकाने वर्गात गोवर किंवा कांजिण्यांची साथ असेल तेव्हा रजा घ्यावी. दुकानदाराने गर्दीत मास्क लावावा. लोक विचारतील. विचारू द्यावे.

आपल्या भागात अडचण येते ती धुळीच्या आणि मातीच्या कामांत. सरकी-कापसाच्या जिनिंगमधला पुंजका, डाळ मिलमधली भुकटी, दोंडाईच्याच्या मिरचीच्या बाजारातला खकाणा, हे सगळे छातीला वाईट. धुळीबरोबर बुरशीचे सूक्ष्म कण जातात. धडधाकट माणसाला त्यांचे काही वाटत नाही, पण प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाच्या फुप्फुसात ते ठाण मांडतात. अशा ठिकाणी परतणाऱ्याने शक्यतो वजनकाट्यावर, हिशेबाला किंवा गेटवर काम मागावे. मालकाला त्यात तोटा नसतो. वीस वर्षे मिलमध्ये काढलेला माणूस काट्यावर बसला तर चोरी कमी होते, हा माझा नव्हे, एका मिलवाल्याचाच अनुभव.

शेतकऱ्याने शेती सोडावी असे मी कधीच सांगत नाही. सांगून तो सोडणारही नाही. पण पहिले सहा महिने ते वर्षभर उकिरडा उपसणे, शेणखत पसरवणे, धान्याची मळणी आणि भुसा भरणे ही कामे दुसऱ्याकडे द्यावीत. मातीत हात घालायचा तर हातमोजे, पायात बूट. पायाला काटा लागला तर हळद लावून बसू नये, त्याच दिवशी दाखवावे. फवारणी दुसऱ्यानेच करावी. विहिरीचे किंवा पाटाचे पाणी तसेच पिऊ नये, घरून उकळलेले पाणी न्यावे. आणि ते भरपूर न्यावे, कारण आता नियम उलटा झाला आहे. डायलिसिसच्या काळात पाणी मोजून प्यायचे, आता डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर दिवसाला तीन लिटरच्या आसपास, उन्हाळ्यात त्याहून जास्त. उन्हात पाणी कमी पडले की नव्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि क्रिएटिनिन लगेच चढते. या औषधांनी त्वचेच्या कर्करोगाची शक्यताही वाढते, म्हणून डोक्यावर रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. आपले जुने लोक उन्हात असेच तर जात.

वाहनचालकाने हात थरथरत नाहीत ना हे पाहावे, कारण टॅक्रोलिमसने काहींच्या हाताला कंप येतो. तसेच काहींची साखर या औषधांनी आणि स्टिरॉइडने वाढते, तीही तपासत राहावी. गटारसफाई किंवा कचरा उचलण्याचे काम करणाऱ्याची बदली व्हायलाच हवी. तेथे मी तडजोड करत नाही.

कामावर परतल्यावर आणखी एक धोका उभा राहतो, तो म्हणजे कामाच्या ठिकाणचा शेजारचा डॉक्टर. माणसाचे अंग दुखते, तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतो. ही दुखणे थांबवणारी औषधे मूत्रपिंडाला मारक आहेत. काही अँटिबायोटिक आणि गजकर्णावरची फ्लुकोनॅझोलसारखी गोळी टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण एकदम वाढवते. क्षयावरचे रिफाम्पिसिन उलट ते खाली आणते. क्षय आपल्याकडे घरोघर आहे आणि अशा रुग्णांना तो लवकर गाठतो. म्हणून सतत खोकला, बारीक ताप, वजन घटणे याकडे दुर्लक्ष नको. कोणी प्रेमाने गुळवेलीचा काढा आणून देतो, "ताकद वाढेल" म्हणून. अहो, इथे आम्ही प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली आहे! पपनसही टाळावे, त्यानेही औषधाचे प्रमाण बिघडते. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, लघवी कमी झाली, रोपणाच्या जागी दुखू लागले किंवा दिवसभर उलट्या होऊन गोळ्या पोटात टिकेनाशा झाल्या, तर पाळी सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. माझ्यासारख्या गावच्या डॉक्टरांनाही विनंती आहे. अशा रुग्णाला नवी गोळी लिहिण्याआधी रोपण केंद्राला एक फोन करा. कमीपणा वाटून घेऊ नका.

मालकाला सांगावे का?

सांगावे, असे माझे मत. निदान सुपरवायझरला आणि जवळच्या एका सोबत्याला तरी. काही कामगार मला विचारतात की अपंगांच्या कायद्याचे संरक्षण मिळेल का. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात २१ प्रकार दिले आहेत. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया त्यांत आहेत, पण मूत्रपिंडाचा आजार किंवा रोपण नाही. तेव्हा त्या जोरावर भांडता येत नाही. हे अन्यायाचे आहे असे मला वाटते, पण आज तसे आहे खरे. हाती उरतो तो एक नीट लिहिलेला कागद. दाखल्यात "कामास योग्य" एवढेच लिहून भागत नाही. काय करू शकतो ते आधी लिहावे, मग काय करू नये ते. किती किलोपर्यंत वजन, धुळीत नको, पिण्याचे पाणी जवळ हवे, सकाळी आणि रात्री दहाला पाच मिनिटांची सुट्टी, महिन्यातून एक दिवस तपासणीची रजा. दाखल्यासोबत रोपण केंद्राचे पत्र जोडावे. मालकांना भीती असते ती माहिती नसल्यामुळे. "मशीनवर काही झाले तर?" हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर कागदावर दिले तर पुष्कळ जण ऐकतात. सगळेच ऐकतात असे नाही.

या तरुणाचा मालक ऐकणाऱ्यांतला निघाला. मोल्डिंगच्या तापलेल्या मशीनवरून त्याला तयार माल तपासण्याच्या टेबलावर घेतले. पगार थोडा कमी झाला, पाळीचा भत्ता गेला. पोरगा थोडा हिरमुसला होता, पण महिन्याभरात रुळला.

आणि देणारी?

या सगळ्या गडबडीत आईचे कोणी काही विचारले नव्हते. मूत्रपिंड देणारे आपल्याकडे बहुतेक वेळा आई नाहीतर बायको असते आणि तीही कामावर परततच असते, फक्त तिच्या परतण्याची कुठे नोंद होत नाही. केंद्र सरकारने २०२३ साली अवयवदान करणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा मंजूर केली. चांगला निर्णय. पण ही बाई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणारी. तिला रजा कोण देणार? दात्यानेही सहा आठवडे जड उचलू नये, वाकून करायची कामे हळूहळू सुरू करावीत, आणि पुढे दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासावे. एका मूत्रपिंडावर माणूस व्यवस्थित जगतो, पण ते एक सांभाळावे लागते. कंबर दुखली म्हणून दुखण्याच्या गोळ्या खाणे तिलाही वर्ज्य.

मी विचारले, "तुमची तपासणी कधी झाली?" ती म्हणाली, "माले काय व्हयनं?" ऑपरेशननंतर टाके काढले तेव्हा एकदा गेली होती, बस्स. कामावर मात्र ती दुसऱ्या महिन्यातच गेली होती. मुलाच्या गोळ्यांचे पैसे कोठून येणार होते?

मी तिचा रक्तदाब पाहिला. १५०/९६. थोडे बसवून पुन्हा पाहिला, तोच आला. लघवीची आणि रक्ताची चिठ्ठी लिहून दिली. मुलगा इतका वेळ आपल्या पाळीविषयी बोलत होता, तो गप्प झाला आणि ती चिठ्ठी त्याने आपल्या फाईलमध्ये ठेवली. मागच्या आठवड्यात तोच तिला तपासणीला घेऊन गेला. आता दोघांचे कागद एकाच पिशवीतून येतात. तिच्या गोळ्यांची वेळही आम्ही सकाळी दहाचीच ठेवली आहे.